अर्ज तुम्ही भरता, सही त्यांची असते : व्हिसा एजंटांना खुलं पत्र

ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसाचे अर्ज भरून देणारे एजंट, सल्लागार आणि ट्रॅव्हल कंपन्यांचे व्हिसा विभाग यांस,

सप्रेम नमस्कार.

व्हिसा नाकारल्याचं पत्र आलं की लोक वकील शोधू लागतात. ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसात हा क्रम उलटा पडतो. कायद्याच्या सल्ल्याचा सगळ्यात जास्त उपयोग अर्ज पाठवण्याआधी असतो, आणि त्या वेळी अर्जदाराच्या समोर तुम्ही बसलेले असता. आमच्यापर्यंत, म्हणजे या व्हिसाच्या कायद्याचं काम करणाऱ्यांपर्यंत, केस येते तेव्हा फॉर्ममधली उत्तरं काळ्या दगडावरची रेघ झालेली असतात. म्हणून काही गोष्टी थेट तुमच्याशीच बोलायच्या आहेत आणि काही मागण्याही करायच्या आहेत.

नकारानंतर अर्जदाराच्या हातात काय उरतं, ते आधी बघा. ब्रिटनमधल्या जवळच्या नातेवाइकाला भेटायला जाणाऱ्याला एकेकाळी अपिलाचा पूर्ण हक्क होता. स्वतंत्र न्यायाधीश सगळी कागदपत्रं पाहत आणि व्हिसा द्यायला हवा होता की नाही, ते ठरवत. ‘क्राइम अँड कोर्ट्स अ‍ॅक्ट २०१३’ने तो हक्क काढून घेतला. २५ जून २०१३ पासूनच्या अर्जांना तो नाही. अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू, म्हणजे खात्याकडूनच फेरतपासणी, तीही व्हिजिटर व्हिसाला लागू नाही. मानवी हक्कांच्या मुद्द्यावर अपील होऊ शकतं, पण ती वाट फार अरुंद आहे. सज्ञान मुलगा आणि आई-वडील यांच्यातली नेहमीची माया त्या कायद्याच्या चौकटीत सहसा बसत नाही.

मग उरतं ज्युडिशियल रिव्ह्यू, म्हणजे निर्णयाची कोर्टाकडून तपासणी. तो लवकरात लवकर, आणि कुठल्याही परिस्थितीत निर्णयापासून तीन महिन्यांच्या आत दाखल करावा लागतो. यात न्यायाधीश ‘या माणसाला व्हिसा मिळायला हवा का’ हे पाहत नाहीत. अधिकाऱ्याने त्याच्यासमोर असलेल्या कागदांवरून कायद्याला धरून निर्णय घेतला का, एवढंच पाहतात. ‘त्याच्यासमोर असलेल्या’ या शब्दांवर सगळं अडतं. एखादं निवृत्तिवेतनाचं पत्र घरी कपाटात होतं आणि अर्जासोबत अपलोड केलं नव्हतं, तर ते पत्र त्या कोर्टापुरतं नाहीच. केस जिंकली तरी बहुतेक वेळा मिळतं ते एवढंच, की अर्ज पुन्हा अधिकाऱ्याच्या टेबलावर जातो.

त्यात भर म्हणजे या व्हिसासाठी सहसा मुलाखत होत नाही. व्हिसा केंद्रात बोटांचे ठसे आणि फोटो घेतात. तिथल्या खिडकीवरचा माणूस निर्णय घेत नाही आणि निर्णय घेणारा अधिकारी अर्जदाराला कधी पाहत नाही. कागद कमी पडले तर ‘हे पाठवा’ असं विचारण्याचं बंधनही त्याच्यावर नाही. म्हणजे तुम्ही भरलेला फॉर्म आणि अपलोड केलेल्या फाइली हाच अर्जदाराचा आवाज. त्याच्या बाजूने दुसरं कोणीही काही बोलणार नाही.

तो अधिकारी तपासतो काय? इमिग्रेशन रूल्समधलं ‘अपेंडिक्स व्ही’. ते १ डिसेंबर २०२० पासून आजच्या रूपात लागू आहे, आणि त्यातला परिच्छेद व्ही ४.२ हा सगळ्याचा गाभा. अर्जदार भेट संपल्यावर परत जाईल. वारंवार किंवा लागोपाठ येऊन ब्रिटनलाच घर करणार नाही. सांगितलेलं कारण खरं आहे आणि ते परवानगी असलेल्या कामांत बसतं. मनाई असलेलं काही करणार नाही. आणि काम न करता, सरकारी मदत न घेता, परतीच्या प्रवासासकट सगळा खर्च भागेल एवढे पैसे आहेत. नकाराच्या पत्रात ‘व्ही ४.२ (ए), (सी) आणि (ई)’ असं दिसतं, ते यातल्या पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या मुद्द्याबद्दल असतं. कसोटी आहे ‘बॅलन्स ऑफ प्रॉबॅबिलिटीज’ची, म्हणजे हे खरं नसण्यापेक्षा खरं असण्याची शक्यता जास्त आहे, असं अधिकाऱ्याला वाटलं पाहिजे. ही कसोटी फार कडक नाही. पण दोन कागद एकमेकांच्या विरुद्ध बोलले, की अर्ज तिलाही उतरत नाही.

दोन कागद एकमेकांच्या विरुद्ध कसे बोलतात, याचा आम्ही नेहमी पाहतो तो नमुना सांगतो. मुलगी गरोदर आहे आणि आई मदतीला जाणार आहे. एजंट विचार करतो, ‘बाळंतपणासाठी’ म्हटलं तर आई आया म्हणून राबायला चालली आहे असं अधिकाऱ्याला वाटेल, त्यापेक्षा ‘टुरिझम’वर खूण करून टाकू. मुक्काम सहा महिने लिहितो, कारण व्हिसा सहा महिन्यांचा मिळतो. इकडे मुलगी आपल्या निमंत्रणपत्रात सरळ मनाने लिहिते, ‘माझी तारीख मार्चमध्ये आहे, आई आली तर फार आधार होईल.’ अधिकारी दोन्ही कागद शेजारी ठेवतो. एक म्हणतो फिरायला चाललोय, दुसरा म्हणतो बाळंतपण. कारण खरं नाही, म्हणून (सी). सहा महिने राहायचं आहे पण परत कशासाठी यायचं ते कुठेच नाही, म्हणून (ए).

आता नियम काय म्हणतो ते पाहा. आजी थोड्या दिवसांसाठी येऊन नातवंडाकडे बघते, याला मनाई नाही. भेट छोटी हवी आणि ती सांभाळणाऱ्या बाईची नोकरी होता कामा नये, एवढंच होम ऑफिसचं, म्हणजे ब्रिटनच्या गृहखात्याचं, मार्गदर्शन सांगत आलं आहे. म्हणजे जी गोष्ट उघडपणे मांडता आली असती, ती लपवल्यामुळे व्हिसा गेला. बरोबर अर्ज असा असतो: कारण ‘कुटुंबाला भेट’, सोबत प्रसूतीच्या अपेक्षित तारखेचं दवाखान्याचं पत्र, मुक्काम आठ किंवा दहा आठवडे, आणि तेवढाच का ते एका वाक्यात, आई परत गेल्यावर बाळाकडे कोण बघणार, म्हणजे मुलीची किंवा जावयाची रजा कधीपर्यंत आहे त्याचं कंपनीचं पत्र, आणि आईला परत कशासाठी यायचं आहे, म्हणजे घरी असलेले पती, नोकरी, शेती, स्वतःचे चालू असलेले औषधोपचार, जे खरं असेल ते. हे शोधायला दोन प्रश्न जास्त विचारावे लागतात, एवढंच.

सहा महिन्यांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. ‘वर्षात सहा महिन्यांच्या वर राहता येत नाही’ असं तुमच्यातले बरेच जण लोकांना ठामपणे सांगतात. व्हिजिटर व्हिसावर एका भेटीत साधारणपणे जास्तीत जास्त सहा महिने राहता येतं, हे खरं. पण बारा महिन्यांत एकूण किती दिवस, असा ठरलेला आकडा नियमांत नाही. अधिकारी ये-जा करण्याची पद्धत पाहतो: किती वेळा आले, मधे आपल्या घरी किती राहिले, प्रत्येक वेळी सांगितलं होतं तेवढंच राहिले का. पाच महिने तिथे, सहा आठवडे इथे, पुन्हा पाच महिने तिथे, असं चित्र दिसलं तर दोन वर्षांच्या व्हिसावरही विमानतळावर अडवतात. आकडा सांगून धीर देण्यापेक्षा हे सांगा.

पैशाच्या बाबतीत सगळ्यांत मोठा घोटाळा ‘बॅलन्स दाखवण्याचा’ आहे. अर्जाच्या आठ-दहा दिवस आधी खात्यात एकरकमी पैसे येतात, स्टेटमेंट काढलं जातं आणि पंधरा दिवसांनी ते पैसे परत जातात. शेवटची शिल्लक अधिकाऱ्याच्या दृष्टीने तशी दुय्यम असते. दरमहा काय येतं, काय जातं, आणि मोठी रक्कम आली असेल तर कुठून आली, हे तो बघतो. महिन्याच्या उत्पन्नाच्या आठपट रक्कम मागच्या आठवड्यात जमा झालेली दिसली आणि तिचा उगम सांगणारा कागद नसेल, तर ते पैसे अर्जदाराचे नाहीतच असं तो धरून चालतो. पैसे खरे असतील तर कागदही असतोच. ठेव मोडली असेल तर बँकेची मोडल्याची पावती, जमीन किंवा घर विकलं असेल तर खरेदीखत आणि त्याच रकमेची खात्यातली नोंद, मुलाने पाठवले असतील तर त्याच्या खात्यातून निघाल्याची नोंद आणि दोन ओळींचं पत्र. सहा महिन्यांचं स्टेटमेंट घ्या, स्वतः ओळ न् ओळ वाचा आणि प्रत्येक मोठ्या जमा रकमेवर पेन्सिलीने खूण करा. खूण केलेल्या प्रत्येक रकमेचा उगम सांगणारा कागद हाती आल्याशिवाय अर्ज पाठवू नका.

फॉर्ममध्ये ‘महिन्याचं उत्पन्न’, ‘महिन्याचा खर्च’ आणि ‘या भेटीवर स्वतः किती खर्च करणार’ असे वेगवेगळे प्रश्न असतात. मासिक चौकटीत वार्षिक आकडा जातो, चलन चुकीचं निवडलं जातं, किंवा मुलगा सगळा खर्च करणार असूनही वडिलांच्या नावावर फुगवलेली रक्कम पडते. वडिलांकडे पैसे नसणं हा गुन्हा नाही. व्ही ४.३ नुसार राहण्याचा आणि खाण्यापिण्याचा भार दुसरी व्यक्ती उचलू शकते. तिचं अर्जदाराशी खरं नातं हवं, तिने स्वतः इमिग्रेशनचा कायदा मोडलेला नसावा, आणि पूर्ण मुक्कामभर ती हा भार उचलू शकेल आणि उचलेल, हे दिसलं पाहिजे. म्हणून मुलाचं नुसतं निमंत्रणपत्र पुरत नाही. नात्याचा दाखला, त्याच्या राहण्याच्या परवान्याचा पुरावा, पगाराच्या पावत्या आणि त्याच पगाराच्या नोंदी असलेलं बँक स्टेटमेंट, घराचा भाडेकरार किंवा मालकीचा कागद, आणि त्या घरात आत्ता किती माणसं राहतात ते, एवढं लागतं. दोन खोल्यांच्या घरात चार माणसं आधीच राहत असतील तर पाहुणे कुठे झोपणार, ते पत्रात लिहायला लाजू नका.

जाड फाइलचा मोह आवरा. कुठल्या कागदांचा फारसा उपयोग होत नाही, याची यादी ब्रिटिश सरकारनेच जाहीर केलेली आहे. वर्षापेक्षा जुनी बँक स्टेटमेंट, क्रेडिट कार्डाची बिलं, वाहन परवाना, गाडीचे कागद, शिक्षणाची प्रमाणपत्रं, वैयक्तिक फोटो, व्हिजिटिंग कार्डं, नोटरीची प्रमाणपत्रं, हॉटेलचं बुकिंग, विमानाचं बुकिंग, प्रवास विमा. यातल्या कितीतरी गोष्टींचे तुम्ही वेगळे पैसे लावता. व्हिसा हातात येण्याआधी तिकीट काढायला लावणं तर सरळ नुकसान आहे. उलट ज्याची खरोखर गरज असते तिथे कंजुषी होते, आणि ती म्हणजे भाषांतर. इंग्रजी किंवा वेल्श सोडून दुसऱ्या भाषेतल्या प्रत्येक कागदाला भाषांतर जोडावं लागतं, आणि त्यावर चार गोष्टी हव्यात: हे मूळ कागदाचं अचूक भाषांतर आहे असं भाषांतरकाराचं निवेदन, तारीख, त्याचं पूर्ण नाव आणि सही, आणि त्याच्याशी संपर्क साधता येईल असा तपशील. मराठीतला जमिनीचा उतारा भाषांतराशिवाय जोडला, तर अधिकाऱ्यासाठी तो वाचता न येणारा कागद असतो. परत येण्याचं सगळ्यांत भक्कम कारण नेमकं त्यातच असतं.

आता सर्वांत गंभीर गोष्ट. फॉर्म विचारतो, तुम्हाला कधीही, कुठल्याही देशाचा व्हिसा नाकारला गेला आहे का? विमानतळावरून परत पाठवलं आहे का? देश सोडायला सांगितलं आहे का? ‘कधीही’ म्हणजे वीस वर्षांपूर्वीचंही, आणि ‘कुठल्याही देशाचा’ म्हणजे ब्रिटन सोडून इतरांचंही. तुमच्यातले काही जण इथे ‘नाही’ लिहून मोकळे होतात. कधी अर्जदाराला विचारतच नाहीत, कधी विचारून ‘ते जुनं आहे, कशाला सांगायचं’ म्हणतात. जुना नकार प्रामाणिकपणे सांगितला तर तो एकटा व्हिसा नाकारण्याचं कारण होत नाही. तारीख, देश, कारण आणि त्यानंतर काय बदललं, एवढ्या चार ओळींत विषय संपतो. लपवला तर चित्र पूर्ण बदलतं. ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड हे पाच देश इमिग्रेशनच्या कामासाठी एकमेकांकडे बोटांचे ठसे पडताळतात. तिथला नकार इथे दिसतो.

आणि मग जे घडतं त्याला ‘डिसेप्शन’ म्हणतात, म्हणजे फसवणूक. हा शिक्का बसला की दहा वर्षांपर्यंतचे पुढचे अर्ज त्याच कारणावरून नाकारले जाऊ शकतात, आणि व्हिजिटर म्हणून तर जवळजवळ नाकारले जातातच. नातवाच्या मुंजीला जायचं होतं त्या आजोबांचं वय त्या दहा वर्षांत किती होतं, याचा विचार करा. २०१० साली ‘एए (नायजेरिया)’ या केसमध्ये इंग्लंडच्या कोर्ट ऑफ अपीलने एक गोष्ट स्पष्ट केली. नियमातल्या ‘फॉल्स’ या शब्दाचा अर्थ नुसतं चुकीचं असा होत नाही, अप्रामाणिक असा होतो. निर्मळ मनाने झालेली चूक त्यात येत नाही. अर्जदाराच्या दृष्टीने हा मोठा आधार आहे. पण त्याच निकालात पुढे हेही आहे की ही अप्रामाणिकता अर्जदाराचीच असली पाहिजे असं नाही. म्हणजे अर्जदाराला काही माहीत नसताना तुम्ही जाणूनबुजून लिहिलेलं ‘नाही’ त्याचा अर्ज बुडवू शकतं. पुढे त्याला सिद्ध करत बसावं लागतं की मी सांगितलं होतं, एजंटने लिहिलं नाही. आणि त्याच्याकडे भरलेल्या फॉर्मची प्रतसुद्धा नसते.

चूक पाठवल्यानंतर लक्षात आली तर? ठसे देण्याआधी लक्षात आली असेल तर अर्ज मागे घ्या आणि नवा भरा. तोवर फी परत मिळते. ठसे दिल्यानंतर लक्षात आली तर निर्णय येण्याची वाट न पाहता, त्याच दिवशी लेखी दुरुस्ती कळवा. काय चुकलं, कसं चुकलं, बरोबर काय. अधिकाऱ्याने पकडण्याआधी स्वतःहून केलेली दुरुस्ती हा प्रामाणिकपणाचा चांगला पुरावा असतो. पकडल्यानंतर दिलेला तोच खुलासा सारवासारव वाटतो. हे काम वकिलाच्या सल्ल्याने करावं असं आमचं ठाम मत आहे, कारण त्या पत्रातला एकेक शब्द पुढे वाचला जाणार असतो.

कुठल्या केसमध्ये वकील लागतोच असं नाही, हेही मोकळेपणाने सांगतो. नोकरी किंवा निवृत्तिवेतन नियमित आहे, आधी परदेश प्रवास करून वेळेत परत आले आहेत, कुठेही नकार नाही, तीन आठवड्यांसाठी मुलाकडे जायचं आहे: असा अर्ज काळजीपूर्वक भरणारा कोणीही भरू शकतो. पण आधी ब्रिटनचा नकार असेल, फसवणुकीचा आरोप असेल, कधी मुदत संपल्यावर राहिले असतील, कोर्टाची शिक्षा झाली असेल, खासगी उपचारांसाठी जायचं असेल, कायमचं राहण्यासाठी केलेला अर्ज पूर्वी फेटाळला गेला असेल, किंवा बोलावणाऱ्याच्याच व्हिसाचा प्रश्न चालू असेल, तर फॉर्म उघडू नका. आधी पाठवा. मुदतीबाहेर राहण्याचंच घ्या. ३० दिवसांपेक्षा जास्त राहिले आणि स्वतःच्या खर्चाने स्वतःहून निघाले तर साधारण १२ महिन्यांची बंदी. सरकारी खर्चाने परत पाठवले गेले असतील तर हिशेब वर्षांचा होतो. कोण कुठल्या गटात बसतं हे अंदाजाने ठरवायची गोष्ट नाही. बंदी चालू असताना अर्ज केला तर फी जाते आणि आणखी एक नकार पदरात पडतो.

पाठवायचं कोणाकडे? ब्रिटनमध्ये राहून इमिग्रेशनचा सल्ला द्यायला १९९९ च्या इमिग्रेशन अँड असायलम कायद्यानुसार पात्रता लागते. ती नसताना सल्ला देणं गुन्हा आहे आणि दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सॉलिसिटर, बॅरिस्टर आणि ‘इमिग्रेशन अ‍ॅडव्हाइस अ‍ॅथॉरिटी’कडे नोंदलेले सल्लागार हे काम करू शकतात. या संस्थेचं नाव जानेवारी २०२५ पर्यंत ओआयएससी होतं, त्यामुळे जुन्या पाट्यांवर तेच दिसेल. नोंदणीच्या तीन पातळ्या आहेत. लेव्हल १ साध्या अर्जांसाठी, लेव्हल २ गुंतागुंतीच्या केसवर्कसाठी आणि लेव्हल ३ ट्रायब्युनलपुढे, म्हणजे इमिग्रेशनच्या न्यायाधिकरणापुढे, बाजू मांडण्यासाठी. आधीचा नकार किंवा फसवणुकीचा आरोप असलेली केस लेव्हल १ वाल्याकडे देऊ नका. सल्लागारांची नोंदवही आणि सॉलिसिटरांची नोंदणी ऑनलाइन मोफत पाहता येते. नाव शोधायला दोन मिनिटं लागतात. ज्याचं नाव तिथे नाही त्याला ओळखपाळख असली तरी केस देऊ नका. ‘व्हिसा नक्की मिळेल’ म्हणणाऱ्याला तर मुळीच देऊ नका, कारण प्रामाणिक वकील ते म्हणूच शकत नाही.

हा कायदा ब्रिटनमध्ये बसून सल्ला देणाऱ्यांना लागू होतो. बाहेर बसलेल्या तुम्हाला तो लागू नाही. तुमची कोणी परीक्षा घेतलेली नाही, तुमच्या चुकीची तक्रार ऐकायला तिथे कोणी नाही, आणि नुकसान झालंच तर भरपाईचा विमाही नाही. म्हणूनच कायद्याने न मागितलेली शिस्त तुम्ही स्वतःहून पाळावी, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

वकिलाकडे केस देताना त्याच्या हातात काय हवं, तेही सांगतो, म्हणजे अर्जदाराचे पैसे वाचतील. सगळ्या पासपोर्टांची, जुन्यांसकट, पानं न् पानं. आधीच्या प्रत्येक नकाराचं पूर्ण पत्र, नुसतं पहिलं पान नको. आधी पाठवलेल्या फॉर्मची प्रत. ती नसेल तर होम ऑफिसकडे सब्जेक्ट अ‍ॅक्सेस रिक्वेस्ट करता येते. अर्जदाराला स्वतःची फाइल मागण्याचा हक्क आहे, त्याला फी नाही आणि साधारण महिनाभरात उत्तर अपेक्षित असतं. मागच्या वेळी एजंटने नेमकं काय लिहिलं होतं हे माहीत नसताना नवा अर्ज करणं म्हणजे अंधारात पाय टाकणं, कारण अधिकारी दोन्ही अर्ज ताडून पाहतो. प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि ठसे दिल्यावर निर्णयाला साधारण तीन आठवडे लागतात. म्हणून गुंतागुंतीच्या केसला वकिलाकडे प्रवासाच्या चार-पाच महिने आधी पाठवा. लग्नाच्या तारखेला पाच आठवडे राहिले असताना आलेल्या माणसासाठी फाइल मागवायलाही वेळ उरत नाही. सरकारी कायदेसाहाय्य अशा अर्जांना मिळत नाही, पण पूर्ण केस न घेता फक्त भरलेला फॉर्म आणि कागद तपासून देण्याचं काम बरेच सल्लागार ठरलेल्या फीमध्ये करतात. तसं विचारा, आणि काय करणार, किती घेणार, हे लेखी मागा.

नकार आलाच, तर त्याच आठवड्यात तेच कागद नव्या कव्हरिंग लेटरसह पाठवू नका. पुन्हा अर्ज करायला थांबण्याची सक्ती नाही हे खरं, पण पत्र आधी नीट वाचा. कागद कमी पडले असतील तर नवा अर्ज करा आणि पत्रातल्या प्रत्येक परिच्छेदाला एकेक पुरावा जोडा. जोडलेला कागद अधिकाऱ्याने पाहिलाच नाही किंवा भलताच वाचला, तर वकिलाकडून कोर्टात जाण्याआधीचं इशाऱ्याचं प्री-अ‍ॅक्शन पत्र जातं, त्याला उत्तर द्यायला सहसा १४ दिवस असतात, आणि कधी कधी तेवढ्यावर फेरविचार होतो. फसवणुकीचा आरोप असेल तर नवा अर्ज अजिबात नको. आधी तो आरोप हटवायचा, आणि त्यासाठीच्या ज्युडिशियल रिव्ह्यूचे तीन महिने निर्णयापासून मोजले जातात.

याच कारणासाठी आमची पहिली मागणी ईमेलबद्दल आहे. फॉर्ममध्ये तुमचा ईमेल आणि तुमचा मोबाइल टाकणं बंद करा. निर्णय तुमच्या इनबॉक्समध्ये येतो, तुम्ही फोनवर ‘रिजेक्ट झालं’ एवढंच सांगता, मूळ पत्र दोन महिन्यांनी मिळतं आणि वकिलाच्या हातात चार आठवडे उरतात. ई-व्हिसाकडे सगळा कारभार सरकतो आहे, त्यात तर लॉगिनचा कोडही त्याच ईमेलवर किंवा नंबरवर येतो. अर्जदाराला ईमेल नसेल तर मुलामुलींपैकी कोणाचा तरी घ्या.

दुसरी मागणी, सबमिट करण्याआधी संपूर्ण फॉर्म छापून एक रात्र अर्जदाराच्या घरी राहू द्या. ज्यांना इंग्रजी वाचता येत नाही त्यांना प्रत्येक प्रश्न आणि तुम्ही लिहिलेलं उत्तर मराठीत वाचून दाखवा, प्रत्येक पानावर सही घ्या आणि पाठवलेल्या फॉर्मची प्रत, अपलोड केलेल्या फाइलींसह, त्यांना द्या. नकारांबद्दलचा प्रश्न तर घरातल्या दुसऱ्या कोणाच्या तरी समोर विचारा. वडील विसरलेले असतात, मुलाला आठवतं.

तिसरी, तुम्ही काय करता आणि काय करत नाही, हे पावतीवर लिहा. फॉर्म टाइप करणं, अपॉइंटमेंट घेणं, कागद स्कॅन करून अपलोड करणं हे तुमचं काम आहे आणि ते चांगलं करणाऱ्यांची गरज आहे. नियमाचा अर्थ लावणं, जुना नकार कसा मांडायचा ते ठरवणं, आरोपाला उत्तर देणं हे तुमचं काम नाही.

आणि नकाराचं पत्र कधी तुमच्याकडेच आलं, तर ते त्याच दिवशी, सगळ्या पानांसह, अर्जदाराला पाठवा. पाकिटावर निर्णयाची तारीख आणि तिच्यापासून तीन महिने कधी संपतात ती तारीख, दोन्ही मोठ्या अक्षरांत लिहा.

आपले,
ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसाच्या कायद्याचं काम करणारे आम्ही काही जण